बुधवारचं सरकार

रबर कागदावर घासल्याचा आवाज आला. चार-पाच वेळा, घाईघाईनं, आणि मग एक बारीक फुंकर.

रविवारची दुपार होती, पावणेचार वाजले असतील. मी आतल्या खोलीत मुलीशेजारी आडवी झाले होते. डावा दंड तिच्या मानेखाली अडकलेला, दंडाला मुंग्या आलेल्या, आणि तिचा श्वास नुकता कुठे लांब व्हायला लागला होता. बाहेरच्या खोलीत तिघं बसली होती, नवरा, नणंद आणि आमचा मित्र मास्तर, आणि तिघंही गप्प होती, कारण मी आत गेले की गप्प बसायचं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. ती शांतताही मला सोसत नाही. आजाऱ्याच्या घरात असते तशी असते. त्या शांततेत रबर वाजलं. मी कान तपासायच्या दवाखान्यात काम करते. काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत माणूस बसतो, मी त्याच्या कानात बारीक शिट्ट्या सोडते, ऐकू आली की त्यानं हात वर करायचा. नऊ वर्षं हेच करतेय, तेव्हा पेन्सिलीचा आवाज कुठला आणि रबराचा कुठला हे मला ठरवावं लागत नाही. आणि रबर आत्ता वाजायला नको होतं. खेळ थांबलेला असताना कुणी आपल्या कागदाला हात लावत नाही. नियम माझा आहे, अकरा वर्षांपूर्वीचा आहे, आणि अकरा वर्षांत तो कुणी मोडलेला नाही, म्हणजे मला तसं वाटत होतं.

खेळ सांगायला सोपा आहे. टेबलाभोवती माणसं बसतात, प्रत्येकापुढे एक कागद, त्या कागदावर तो खेळात कोण आहे ते लिहिलेलं. नणंद चोर आहे, मास्तर लोहार आहे, नवरा नकाशे काढत हिंडणारा. अंगात किती जोर, किती जखमा, पिशवीत काय काय, सगळं त्या कागदावर. आणि एकजण पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसून उरलेलं सगळं होतो. नदी, धुकं, खानावळीचा मालक, त्याची कजाग बायको, कड्यावरचा राक्षस, राक्षसाबद्दलच्या अफवा. ते विचारतात, दार उघडतं का, वीस बाजूंचा फासा टाकतात, आणि पडद्यामागचा माणूस सांगतो. तो माणूस मी. म्हणून खेळात मला सरकार म्हणतात. सरकार, कुलूप निघतं का. सरकार, पहारेकऱ्याला लाच चालते का. मुलगी झाल्यापासून त्यात एका विनोदाची भर पडली. आतून रडू ऐकू आलं की मास्तर म्हणतो, सरकार पडलं. पहिल्यांदा मी पोट धरून हसले होते.

आज सरकार पडलं ते अगदी नको त्या क्षणी. आठ महिने मी त्यांना एका नदीकडे नेत होते. नदीवर एक म्हातारी नावाडीण आहे, ठार बहिरी. ती कुणाशी बोलत नाही. बोटीत बसलेल्यानं पलीकडे पोचेपर्यंत तोंड उघडलं तर बोट उलटी फिरते. मुद्दाम मी तिला एकही वाक्य दिलं नव्हतं; फक्त माझे हात, वल्हं मारणारे, आणि माझं तोंड मिटलेलं. ती मला सुचली तेव्हा मी दवाखान्यात होते, दोन पेशंटच्या मधल्या सात मिनिटांत, आवाजबंद खोलीचं दार लावून आत बसले होते, कारण आख्ख्या दिवसात मला कुणी हाक मारू शकणार नाही अशी ती एकच जागा आहे. आज अखेर बोट धुक्यातून काठाला लागली. मी तोंड मिटलं आणि हात हलवले. नणंदेनं तोंडावर हात ठेवला. मास्तर पुढे झुकला. नवरा हळूच म्हणाला, कमाल आहे. माझ्या पाठीवरून काटा सरसरत गेला, असा काटा मला आता दुसऱ्या कशानं येत नाही. आणि आतून हाक आली, आई, आणि मी उठले.

आता मी दंड सोडवून घेतला, उशी सरकवली आणि बाहेर आले. मास्तरनं कागदावर कोपर ठेवलं होतं.

"काय खोडलंस?"

"काही नाही गं, बेरीज चुकली होती."

"गणिताच्या मास्तरची?"

नणंद हसली आणि तिनं लगेच हसू गिळलं. मी हात पुढे केला. खेळ संपला की सगळ्यांचे कागद गोळा करून मी तपासते, हे काही नवीन नाही, पण संपायच्या आधी कधी मागितला नव्हता. त्यानं तो दिला. मास्तर फळ्यावर लिहायला सरावलेला माणूस, पेन्सिलही दाबून चालवतो. मी कागद खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. पिशवीच्या यादीत, दोर आणि हातोड्याच्या खाली, शिसं गेलं होतं पण चरे राहिले होते. फुटकी घंटा.

"ही घंटा कुठली? मी दिली नाही."

"दिली असशील," नवरा म्हणाला. "विसरली असशील."

आणि एक क्षणभर, हे लिहायचीसुद्धा लाज वाटते, मी मानलं. आठवून बघायला लागले की कुठल्या गावात, कुठल्या दुकानात आपण ह्यांना घंटा दिली. गेली साडेचार वर्षं मला विसरायची मुभा आहे. किल्ल्या विसरले, दूध उतू गेलं, सासूबाईंचा वाढदिवस हुकला, की कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, होतं असं, लहान मूल आहे ना. ती मुभा इतकी मऊ आहे की तिच्यात माणूस रुतत जातो. पण घंटा मी विसरणार नाही. खोऱ्यातल्या एकोणीस गावांतल्या विहिरी मला पाठ आहेत. कोणत्या खानावळीतला कोणता जिना कुरकुरतो ते मला पाठ आहे. सात वह्या आहेत माझ्या, कपाटात वरच्या फळीवर, आणि त्या माझ्याशिवाय कुणी उघडायच्या नाहीत, कारण पुढे काय होणार ते त्यांत लिहिलेलं असतं.

"मी दिली नाही," मी पुन्हा म्हणाले.

"दादा, पुरे ना आता," नणंद म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, नखानं टेबलावरचा डाग खरवडत होती. "वहिनी, आम्ही बुधवारी खेळतो."

"कुठल्या बुधवारी?"

"बुधवारी. म्हणजे सगळ्याच."

बुधवारी माझा दवाखाना रात्री आठपर्यंत असतो. घरी येते तेव्हा मुलगी जेवलेली असते, भांडी घासलेली असतात, आणि नवरा असा काही शहाण्यासारखा बसलेला असतो की मला दर बुधवारी त्याचं कौतुक वाटायचं. मैत्रिणींना सांगितलंय मी. बुधवारी सगळं तो बघतो, मला काही बघावं लागत नाही.

"कधीपासून?"

"आठ महिने झाले असतील," मास्तर म्हणाला. "नऊ."

"चालवतं कोण?"

"मीच," नवरा म्हणाला. "चालवतो कसला, ढकलतो."

"कुठलं जग?"

"तुझंच. मी कुठून आणू दुसरं? वह्या घेतो आणि जागच्या जागी ठेवतो परत. एकही पान दुमडलं नाहीये, बघ हवं तर." त्यानं हे खरोखर दिलासा द्यावा तसं सांगितलं. "अगं, तू रविवारी पाच-पाच वेळा उठतेस. तुझा जीव मेटाकुटीला येतो, आम्हाला दिसतं ना. आम्हाला वाटलं, पुढचं थोडंफार आम्ही उरकून ठेवलं, तर रविवारी तुझ्यावर ताण नको यायला."

"तसं ते खरं सरकार नाहीये," मास्तर म्हणाला. "काळजीवाहू सरकार आहे."

कुणी हसलं नाही. एरवी मीच सगळ्यांत आधी हसले असते.

उरकून ठेवलं. धुणं उरकतात, केर उरकतात, नावडत्या पाहुण्यांकडची भेट उरकतात. मी पहाटे पाचला उठून गॅसच्या निळ्या उजेडात ओट्यावर वही टेकवून लिहिलंय ते. सातव्या महिन्यात, पोट टेबलाला लागायला लागलं म्हणून खुर्ची मागे घेऊन, मी ह्याच तिघांना तीन पुलांच्या शहराचा वेढा खेळवला होता, सलग सहा तास, आणि शेवटच्या पुलावर ते हरले तेव्हा पोटातल्या पोरीनं अशी लाथ मारली की पडदा हलला. सगळे ओरडले होते, सरकारमध्ये बंड झालं म्हणून. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी पुन्हा बसले. राक्षसाचा आवाज काढत होते, छातीतून, खालच्या पट्टीत, आणि आतल्या खोलीत ती कुरकुरली, आणि राक्षसाचं वाक्य अर्धं असताना दूध आलं. झग्यावर दोन गोल डाग. मी पडदा जरा वर सरकवला आणि वाक्य पुरं केलं. राक्षसानं गाव जाळीन म्हणून सांगितलं, आणि मग मी आत गेले. त्या दिवशी मला वाटलं होतं, जमतंय. दोन्ही जमतंय. माझ्यासारखी मीच.

आणि ह्यांनी उरकलं. पण खरा राग अजून आलाच नव्हता, तो मागून येत होता, जिना चढून येणाऱ्या माणसासारखा, एकेक पायरी. मी मास्तरच्या कागदाकडे बघत उभी होते आणि मला नणंदेचा तोंडावर ठेवलेला हात आठवला. मास्तरचं पुढे झुकणं. कमाल आहे. वह्या वाचलेल्या. बुधवारी नदीपर्यंत पोचलेले, बोटीत बसून झालेले, म्हातारीला भेटून झालेले. आणि तरी आज धुकं आलं तेव्हा त्यांनी आश्चर्याचं सोंग केलं. माझ्यासाठी केलं. आपण लहान मुलासमोर करतो ना, डोळ्यांवर ओंजळ धरून, कुठे गेलं बाळ, अगंबाई इथंच होतं की. तसं तिघांनी मिळून मला खेळवलं. दवाखान्यात असे पेशंट येतात, शिट्टी वाजायच्या आधीच हात वर करणारे. बहिरेपण लपवायचं असतं, म्हणून माझ्या खांद्याच्या हालचालीवरून अंदाज बांधतात आणि चेहरा असा करतात की ऐकू आलं. मी त्यांना काचेतून पहिल्या मिनिटाला ओळखते. ह्यांना नऊ महिने ओळखलं नाही. मागचं एकेक आठवायला लागलं. भुयारातल्या चोरदाराकडे नणंद सरळ चालत गेली होती आणि मी म्हणाले होते, काय नाक आहे तुझं. खानावळीचा मालक फितूर निघाला तेव्हा मास्तरला जरा उशिरा धक्का बसला होता. मला ते आवडलं होतं. मला वाटलं, मुरलाय गडी, खेळातला माणूस झालाय. मी दवाखान्यातून घरी येताना बसमध्ये त्या क्षणांची उजळणी करायची, खिशातली गोळी चघळावी तशी. प्रत्येक गोळी ह्यांनी आधी चाखून, पुसून, कागदात गुंडाळून परत दिलेली.

"फाडून टाकला असता एखादा कागद तरी चाललं असतं," मी म्हणाले. "खेळ नको म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"नको कशाला म्हणू?" नवरा म्हणाला. "आम्हाला खेळायचंच होतं, म्हणून तर. तू चिडतेस ते बरोबर आहे, पण हेतू तरी बघ ना."

"हेतू बघितला. आश्चर्याचं सोंग कशाला केलंत ते सांग."

त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते मला त्याच्या तोंडावर दिसलं, आणि मास्तरनंच ते शेवटी हळू आवाजात सांगितलं. "तू इतकी खूश होतीस गं." त्यात दया होती. नुसता खोटेपणा असता तर मी काहीतरी फेकून मारलं असतं आणि मोकळी झाले असते. दयेला काय फेकून मारणार.

तेवढ्यात मुलगी आली. अनवाणी, एका गालावर उशीची शिलाई उमटलेली, केस एका बाजूला चपटे. झोपलीच नव्हती बहुतेक, किंवा आमच्या आवाजानं उठली. दारात उभं राहून तिनं टेबल बघितलं, फासे बघितले, पडदा बघितला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला काही कळायच्या आधी ती माझ्या खुर्चीवर चढून गुडघ्यांवर बसली होती. पडद्यावरून नुसते डोळे दिसत होते.

"कोण आहे तिकडे?" ती चिरक्या, मोठ्या आवाजात म्हणाली. "मला ऐकू येत नाही. बसा बोटीत. ए लोहारा, तू मधे बस, तू जाड आहेस. पाय भिजवू नको. माझी घंटा फुटली म्हणून तुला दिली ती, परत नको मला. माझी बहीण पण नावाडीण होती, ती पडली पाण्यात. तुम्ही काय खाता तिकडे?"

मास्तर सवयीनं जरा सरकला. खुर्चीच्या मधोमध बसला, पाय उचलले. मग माझ्याकडे बघून पाय खाली ठेवले.

मी तिला विचारलं, "हे तू कधी खेळलीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बाबाकडे बघितलं. "सांगू? आता चालतं का?"

तो जिना चढणारा माणूस आता खोलीत आला. माझ्या कानात खरोखर एक शिट्टी वाजायला लागली, वरच्या पट्टीतली, जी मी लोकांच्या कानात सोडते ती. साडेचार वर्षांची मुलगी. दर बुधवारी मी येते, तिच्या केसांत नाक खुपसते, काय केलंस गं आज म्हणून विचारते, आणि ती सांगते, चित्र काढलं. नऊ महिने चित्र काढलं.

"तिलाही?" मी नवऱ्याला विचारलं. आवाज माझा मलाच लहान वाटला.

"अगं, खोटं नाही बोलायला लावलं. सांगायचं नाही एवढंच. तिला गंमत वाटायची."

"तिला गंमत वाटणारच. ती साडेचार वर्षांची आहे. तू किती वर्षांचा आहेस?"

"वहिनी—"

"तू थांब. तुला मी ह्या खेळात आणलं. तुझ्या भावाच्या ओळखीनं नाही आलीस तू ह्या टेबलावर. वसतिगृहातून रडत फोन करायचीस तेव्हा मी म्हणाले, ये, तुला एक चोर करते, मजा येईल." नणंदेचे डोळे भरले, आणि मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला, की इथेही आता मलाच सगळ्यांचं बघावं लागणार, कुणाला पाणी, कुणाला रुमाल. मी पाणी दिलं नाही. "उठा," मी म्हणाले. "खेळ संपला."

"आजचा ना?" मास्तरनं विचारलं.

मी पडद्याच्या घड्या घालायला लागले. चार घड्या आहेत, कोपरे झिजून मऊ झालेत, आतल्या बाजूला माझं बारीक अक्षर, अकरा वर्षांचं. मास्तरनं चप्पल घालताना दोनदा माझ्याकडे बघितलं. नणंद मुलीचा पापा घ्यायला वाकली, आणि वाकलेलीच क्षणभर थांबली, परवानगी मागावी तशी, आणि मी मान वळवली, म्हणजे दिली. दार लागलं. नवऱ्यानं कप गोळा केले आणि ओट्यापाशी जाऊन नळ सोडला. तो बराच वेळ तीन कप धूत राहिला. लग्नाला सात वर्षं झाली, पाण्याच्या आवाजाआड उभं राहायची त्याची सवय मला माहीत आहे. पाणी थांबलं की तो काहीतरी चांगलंच बोलणार होता, समजूतदार, तोलून मापून, आणि ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मनात मी वह्या दवाखान्यातल्या कपाटात नेऊन ठेवल्या होत्या. दुसऱ्या कुणाबरोबर खेळ सुरू केला होता, अनोळखी, जाहिरात देऊन. मग दुपारी ह्या वेळी हिला कोण घेईल हा विचार आला, आणि सगळा डोलारा तिथेच बसला. घेणार तोच. नळापाशी उभा असलेला.

मुलगी अजून माझ्या खुर्चीत होती. घडी घातलेल्या पडद्यामुळे ती आता अख्खी दिसत होती, हनुवटी टेबलावर, एका बोटानं वीस बाजूंचा फासा फिरवत. फासा तिच्या बोटाखाली कुरकुरत होता.

"नावाडीण इतकी बडबडी कशी?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. "मी तिला गप्प लिहिलीय."

"तिला ऐकू येत नाही ना," ती म्हणाली, मला एवढंही कळू नये ह्याचं तिला नवल वाटलं. "म्हणून ती सारखी बोलते. कुणी मधे बोलू नये म्हणून. तुझ्या दवाखान्यात ते आजोबा आले होते की, मी आले होते त्या दिवशी. ते थांबतच नव्हते."

बरोबर होतं. थांबतच नव्हते ते आजोबा. दुसऱ्याचा शब्द ऐकू आला नाही हे कळू नये म्हणून अखंड बोलणारे असे किती जण मी नऊ वर्षांत समोर बसवलेत, आणि म्हातारी लिहिताना मला एकही आठवला नाही. मी तिला मुकी केली, कारण मला कुणीतरी गप्प हवं होतं. बहिणीचं पाण्यात पडणं तर वहीत नव्हतंच. तिनं ते टाकलं होतं, सहज, पाय भिजवू नको म्हणता म्हणता, आणि त्या एका वाक्यानं माझ्या सात वह्यांतली नदी खोल झाली होती. माझ्या अंगावर पुन्हा तो काटा आला. आणि काट्याच्या मागोमाग, पोटच्या पोरीबद्दल, काहीतरी आंबट, तोंडात येणारं. तिनं ते बाबाच्या मांडीवर बसून केलं होतं. बुधवारी. मी शिट्ट्या सोडत होते तेव्हा.

मी तिच्यासमोर बसले, मास्तरच्या खुर्चीत. ह्या बाजूनं मी कधी बसले नव्हते. इथून माझी खुर्ची उंच दिसते. नळ अजून चालू होता. तिनं फासा थांबवला आणि माझ्याकडे नीट बघितलं, दवाखान्यात मी माणसांकडे बघते तसं, समोरून, ओठांकडे.

"आई, बाबांच्या खेळात मी इथं बसते. तुझ्या खेळात मी तुला झोपलेलीच लागते का?"